दाराच्या पोटात घसरलेले शिसे: सांगलीतल्या एका एक्स-रे खोलीचे प्रकरण

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. पूररेषेतल्या तळमजल्यावरच्या एका एक्स-रे खोलीत तेव्हा साधारण मीटरभर पाणी चढले आणि कित्येक दिवस उतरले नाही. मशीन, टेबल, वायरिंग यांची पुढे सगळ्यांनी काळजी घेतली, विमा कंपनीशी पत्रव्यवहारही झाला. खोलीच्या दाराकडे मात्र फर्निचर म्हणूनच पाहिले गेले. फुगले म्हणून मिस्त्रीला बोलावले, त्याने खालची कुजलेली पट्टी बदलली, नवा सनमायका लावला, दार पुन्हा नीट लागू लागले. दीड वर्षाने, २०२१ च्या सुरुवातीला, मशीनच्या नियमित तपासणीत याच दारातून किरण बाहेर येत असल्याचे आढळले. किरण अडवण्यासाठी दारात बसवलेले शिसे होते तेवढेच होते, दाराचे वजनही घटले नव्हते. तरीही कवचाला भगदाड पडले होते.

नावे वगळली आहेत, मापे सोयीसाठी पूर्णांकात दिली आहेत.

खोली आणि दार

खोली साधी: सुमारे १८ चौरस मीटर, एक उभा छातीचा स्टँड, एक टेबल, ३०० एमएचे (मिलिअँपिअर, ट्यूबमधला प्रवाह) मशीन. भिंती जुन्या, भाजक्या विटांच्या. ज्या भिंतीवर थेट झोत पडतो ती ३५ सेंमी, बाकीच्या २३ सेंमीच्या पुढे. अणुऊर्जा नियामक मंडळाची जुनी अपेक्षाही एवढीच होती: थेट झोताच्या भिंतीला ३५ सेंमी वीट, विखुरलेले किरण पडतात त्या भिंतींना २३ सेंमी, आणि दारे-खिडक्यांपुढे २३ सेंमी विटेइतके किंवा १.७ मिमी शिशाइतके कवच. हवा-उजेडासाठी उघडी जागा ठेवायची तर जमिनीपासून २ मीटरच्या वर.

२३ सेंमी विटेचे काम १.७ मिमी शिसे करते, यातच शिसे का वापरायचे याचे उत्तर आहे. पाऊण फूट जाडीचे दार कुणी बनवू शकत नाही. शिशाची घनता दर घन सेंमीला ११.३४ ग्रॅम, म्हणजे लोखंडाच्या जवळपास दीडपट. पण खरी करामत घनतेची नाही, अणूची आहे. शिशाचा अणुक्रमांक ८२. एक्स-रे मशीनच्या टप्प्यातले किरण, म्हणजे साधारण ५० ते १२५ केव्हीपीचे (केव्हीपी म्हणजे ट्यूबवरचा कमाल विद्युतदाब, किलोव्होल्टमध्ये), जड अणूत जाऊन अडकतात, आणि अडकण्याचे प्रमाण अणुक्रमांकाच्या घनाच्या आसपास वाढत जाते. म्हणून विटेत खोलवर शिरणारा किरण शिशात एक-दोन मिमीतच संपतो. १०० केव्हीपीला ०.२७ मिमी शिशाने झोत निम्मा होतो आणि ०.८८ मिमीने दहावा हिस्सा उरतो. काँक्रीटला तेवढ्यासाठीच ५.३ सेंमी लागतात. कर्करोगाच्या उपचारातल्या कोबाल्टच्या किरणांपुढे मात्र ही करामत बरीच ओसरते. तिथे झोत निम्मा करायलाच सुमारे १२ मिमी शिसे लागते, म्हणून त्या खोल्या जाड काँक्रीटच्या असतात.

दार १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच, स्ट्रेचर जाईल असे. आतबाहेर १२ मिमी प्लाय आणि मध्ये २ मिमी शिशाचा पत्रा. २ मिमी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला २२.७ किलो, म्हणजे या दारात ५७ किलो शिसे. प्लायचे सुमारे ४० किलो धरले तर लाकडी सांगाडा, कडी-कुलूप धरून दार शंभरी ओलांडते. याला घरगुती बिजागऱ्या लावल्या तर वर्षभरात दार खाली ओढते आणि उंबऱ्याला घासू लागते. इथे सहा इंची जड बिजागऱ्या होत्या, तो भाग व्यवस्थित होता.

पत्रा बाजारात मीटरभर रुंदीत सहज मिळतो, त्यामुळे दारासाठी दोन तुकडे वापरले होते. वरचा १.०५ मीटर उंच, खालचा १.०७ मीटर, आणि मध्ये आडवा सांधा, एकावर एक २० मिमी चढवलेला. सांध्याला ४ मिमीचे चार स्क्रू, दोन्ही पत्र्यांतून आरपार. बाकी सगळी पकड फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाची. खालचा पत्रा तळाशी लाकडी पट्टीवर टेकलेला.

हे बांधकाम कोरड्या खोलीत वीस वर्षे टिकले असते. फक्त सांधा जमिनीपासून १.०५ मीटरवर, नेमका बाकावर बसलेल्या माणसाच्या छाती-गळ्याच्या उंचीला आला होता, एवढे ध्यानात ठेवायचे.

पाणी उतरल्यावर काय झाले

पाणी मीटरभर चढले, म्हणजे खालचा पत्रा जवळपास पूर्ण बुडाला आणि वरचा कोरडा राहिला. घात इथेच झाला. पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो आणि दिवसेंदिवस भिजला तर पकड सोडतो. वरच्या पत्र्याचा गोंद शाबूत, खालच्याचा गेलेला. तळाची लाकडी पट्टी कुजली. मिस्त्रीने ती काढली आणि तिच्या जागी बाहेरून नीटस दिसणारी, पण कमी उंचीची पट्टी बसवली. “खालचं लाकूड गेलंय, पट्टी बदलून देतो” एवढेच त्याच्या लेखी काम होते, आणि त्याला दारात शिसे आहे हे सांगितलेही गेले नसेल तर त्याचा दोष काय? नव्या पट्टीच्या वर, पत्र्याच्या खाली, ४५ मिमी पोकळी राहिली.

आता २९ किलोचा खालचा पत्रा तळाशी टेकलेला नाही, गोंदाने धरलेला नाही. तो चार स्क्रूंवर लटकला. स्क्रू ४ मिमी जाड, पत्रा २ मिमी, म्हणजे प्रत्येक भोकाच्या काठावर ८ चौरस मिमी टेकू आणि चार मिळून ३२. २९ भागिले ३२, दर चौरस मिमीला सुमारे ०.९ किलो. लोखंडी पत्र्याला हा भार काहीच नाही. शिशाचे मात्र एका झटक्यात तुटण्याचे बळच दीड किलोच्या आसपास असते, आणि कायमचा भार तर त्याच्या फार छोट्या हिश्शाएवढाच देता येतो.

कारण शिसे रांगते. लोंबकळते वजन दिले की ते तुटत नाही, हळूहळू ताणत, वाहत जाते. शिसे ३२७.५ अंशांना वितळते. निरपेक्ष मापात (केल्विनमध्ये) हे ६०० अंश होतात, आणि खोलीचे तापमान ३०० ते ३१०. म्हणजे सांगलीच्या साध्या दुपारीसुद्धा शिसे आपल्या वितळबिंदूच्या अर्ध्यावर उभे असते. लोखंडाला त्या अवस्थेत न्यायचे तर सव्वासहाशे अंशांपर्यंत, लाल होईस्तोवर तापवावे लागते. भट्टीतून काढलेल्या लाल सळईवर कायमचे वजन टांगायला कुणी तयार होणार नाही. शिशावर मात्र आपण ते निर्धास्त टांगतो, कारण ते हाताला थंड लागते.

हाच गुण दुसऱ्या बाजूने वरदान आहे. तांब्याचे भांडे ठोकताना तांबट मधूनमधून ते तापवून घेतो, नाहीतर ठोकून ठोकून पत्रा ताठतो आणि चिरतो. शिशाला याची गरज नसते. ठोकल्याने आत बसलेला ताण खोलीच्या तापमानालाच सुटतो, म्हणून ते कोपऱ्यात, चौकटीच्या खाचेत, नळीभोवती थंडच वळवता येते, आणि चाकूने कापता येते. विजेच्या बॅटरीच्या जाळीला मात्र हा मऊपणा चालत नाही, म्हणून त्यात अँटिमनी किंवा कॅल्शियम मिसळून शिसे ताठ करतात. जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांतही अँटिमनी आणि कथिल होते ते याचसाठी. एक्स-रेच्या दारात वापरतात ते बहुधा शुद्ध, मऊ शिसे, कारण ते वळवायला सोपे. वळवायला सोपे म्हणजे लोंबायलाही सोपे.

स्क्रूंच्या भोकांच्या वरच्या कडा आधी चपट्या झाल्या, मग लांबट, मग स्क्रू १० मिमीची कडा चिरत पत्र्याच्या माथ्यातून बाहेर पडले. दार दिवसात शंभरदा आपटते, प्रत्येक आपटीला पत्रा थोडा सरकला. ४५ मिमी खाली जाऊन तो नव्या पट्टीवर टेकला आणि थांबला. सांध्यात २० मिमी चढण होती. ४५ मधून २० वजा जाता २५ मिमीची, दाराच्या पूर्ण रुंदीची आडवी फट उरली. दोन्ही बाजूंना प्लाय, त्यावर कोरा सनमायका. डोळ्यांना काहीच दिसत नाही, ठोकून आवाजात फरक नाही, वजन तेच.

सापडले कसे

तपासणीत टेबलावर पाण्याने भरलेला चौकोनी प्लास्टिकचा डबा ठेवतात, पेशंटच्या शरीराऐवजी. किरण त्यावर आदळून सगळीकडे विखुरतात, तसेच जसे माणसावरून विखुरतील. मग बाहेरच्या बाजूने सर्व्हे मीटर (किरण मोजणारे हातातले यंत्र) घेऊन दार, चौकट, खिडकी, कंट्रोलची काच असे एकेक ठिकाण तपासतात. एक्स्पोजर लांब द्यावे लागते. नेहमीच्या अर्ध्या सेकंदात बहुतेक मीटर दाद देईपर्यंत झोत बंद झालेला असतो.

इथे पहिला धडा उंचीचा. मीटर फक्त कडीच्या उंचीला किंवा फक्त दाराच्या मध्यावर धरून वाचन घेण्याची सवय वाईट. दार खालून वर सरकत तपासायला हवे, दर १० सेंमीला एक वाचन. या दारात ९० सेंमीला मीटर शांत, १.०३ मीटरला काटा उडाला, १.२ मीटरला पुन्हा शांत. मीटरचे चेंबर (किरण टिपणारा कप्पा) फटीपेक्षा मोठे असेल तर दाखवलेले वाचन फटीसमोरच्या खऱ्या प्रमाणापेक्षा कमी असते, कारण चेंबरच्या काही भागावरच किरण पडतात आणि वाचन सगळ्या चेंबरवर वाटले जाते. म्हणून अरुंद फटीचे वाचन थोडे दिसले तरी हलके घेऊ नये.

टेक्निशियनच्या छातीवरचा, अंगावर पडलेले किरण नोंदवणारा टीएलडी बॅज या दीड वर्षात गप्प होता, आणि ते बरोबरच होते. कंट्रोल पॅनल दुसऱ्या बाजूला, शिशाच्या काचेमागे. दाराबाहेर बसतात ते पेशंट, नातेवाईक आणि पेशंटला हाक मारून आत सोडणाऱ्या मावशी. त्यांच्याकडे बॅज नसतो. बाकावर बसलेल्या माणसाचे गळा-खांदे जमिनीपासून साधारण मीटरभर उंच येतात.

धोका किती? ढोबळ गणित असे. कमरेच्या मणक्यासारख्या जड एक्स्पोजरला पेशंटपासून मीटरभर अंतरावर विखुरलेले किरण ५-६ मायक्रोग्रे भरतात (ग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप). दार अडीच मीटरवर, अंतराच्या वर्गाने भागले की सुमारे १ मायक्रोग्रे. दिवसाला अशी २० एक्स्पोजर, वर्षाला ३०० दिवस: ६,००० मायक्रोग्रे, म्हणजे ६ मिलिग्रे. बाकावरून त्या फटीतून पेशंटचा निम्म्याहून कमी भाग ‘दिसतो’, म्हणून प्रत्यक्षात अडीचच्या आसपास, तोही अंगावरच्या तळहाताएवढ्या रुंद, पुसट पट्ट्यात, आणि माणूस दिवसभर तिथेच बसला तर. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट (एक्स-रेसाठी ढोबळमानाने १ मिलिग्रेइतकाच), पूर्ण शरीरासाठी. पट्ट्यावरचा डोस पूर्ण शरीरावर पसरून मोजला तर आकडा आणखी उतरतो. थोडक्यात, चार मिनिटे बसलेल्या पेशंटला घाबरवण्यासारखे यात काही नव्हते. रोज तिथे बसणाऱ्या मावशींसाठी मात्र हे चालवून घेण्यासारखे नव्हते, कारण शिसे नीट असते तर तिथे जवळजवळ शून्यच पोहोचले असते: २ मिमी शिशातून १०० केव्हीपीला सुमारे १८७ पैकी १ भाग जातो. बाक त्याच दिवशी दारासमोरून हलवला.

मीटरने जागा दाखवली, कारण दाखवले नाही. त्यासाठी दाराचाच एक्स-रे काढला. बाहेरची मार्गिका रिकामी करून १४ × १७ इंचाची सीआर कॅसेट (फिल्मऐवजी प्रतिमा टिपणारी पाटी) बाहेरून दारावर, १.०३ मीटरवर मध्य येईल अशी, चिकटपट्टीने लावली. आतून ट्यूब वळवून ८० केव्हीपी, १० एमएएस (मिलिअँपिअर गुणिले सेकंद). प्रतिमेत शिसे असलेला भाग पांढरा, नसलेला काळा. मधोमध २५ मिमीची काळी आडवी पट्टी सरळ रेषेत उमटली होती, आणि तिच्या खालच्या काठाला उघड्या खाचा: शिशाच्या माथ्यातून स्क्रू चिरत बाहेर पडल्याच्या खुणा, कंगव्याचे दात पडावेत तशा. सुताराला, डॉक्टरांना आणि मालकाला वेगवेगळे समजावत बसावे लागले नाही. एक प्रतिमा पुरली.

कॅसेटची ही पद्धत नव्या दारालाही लावावी. दार बसवून झाले की सांधा, कुलपाची खाच आणि चौकटीची कड अशा तीन-चार जागांच्या प्रतिमा काढून फाइलला ठेवाव्या. पुढे काही सरकले तर तुलनेला जुनी प्रतिमा हाताशी असते. दुमडून ठेवलेल्या शिशाच्या एप्रनमधल्या चिराही याच रीतीने सापडतात.

दुरुस्ती

दार उतरवायला चार माणसे लागली. शंभर किलोवर वजन, त्यातले निम्म्याहून जास्त दोन मिमीच्या पत्र्यात, म्हणून दार आडवे नेताना मधून लवते. आधी ते दोन जाड फळ्यांवर ठेवले, मग प्लाय सोडवला.

खालच्या पत्र्यावर, विशेषतः गोंदाच्या बाजूला, पांढरी भुकटी धरली होती. मिस्त्रीला ती चुन्यासारखी वाटली. प्रत्यक्षात ते शिशाचे कार्बोनेट, रंगकामात कधीकाळी चालणारा सफेदा. शिशाला पाण्याने तसे फारसे काही होत नाही, हवेत त्यावर राखाडी पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण अॅसिटिक आम्लाची वाफ त्याला खाते, आणि पांढरा गोंद ओलाव्यात कुजताना हेच आम्ल सोडतो. काही लाकडांतून आणि एमडीएफमधूनही ते निघते. व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन सीलंट शिशाजवळ वापरू नये ते याच कारणाने. ताजा चुना आणि सिमेंट दुसऱ्या टोकाचे, अल्कधर्मी, पण तेही शिशाला खातात. चौकटीचे शिसे प्लास्टरला टेकते तिथे डांबरी रंगाचा हात हवा.

ही भुकटी अन्नात किंवा श्वासात जाणे वाईट. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधले, झाडू लावला नाही, कोरडा पॉलिशपेपर फिरवला नाही. दाराचा जुना ऑइल पेंटही घासला नाही, ओला करून खरवडला. घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. हात-तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, एवढी शिस्त काम चालू असेपर्यंत पाळली. मुलांच्या मेंदूला शिसे अगदी थोडेही बाधते. म्हणून असे काम घराच्या ओसरीत करू नये. पेट्रोलमधले शिसे आपण २००० साली थांबवले, ते अंगणात सांडण्यात अर्थ नाही. आणि शिसे वितळवण्याचा मोह तर अजिबात नको. दुरुस्तीला वितळवणे लागतच नाही, सगळे काम थंड होते.

शिसे वाया गेले नव्हते. पत्रा पोक आलेल्या जागी सपाट केला, तोही लाकडी मोगरीने आणि सपाट फळीवर. लोखंडी हातोडा घातला की शिसे पसरते आणि तेवढ्या जागी पातळ होते. डोळ्याला कळत नाही, किरणांना कळते. २ मिमीचे १.५ मिमी झाले तर आरपार जाणारा भाग १८७ पैकी १ वरून ५० पैकी १ वर येतो. पाव जाडी गेली, गळती जवळपास चौपट.

जाडी तपासायला व्हर्निअर कॅलिपर फसवतो, जबडा मऊ शिशात रुततो. वजन करणे सोपे आणि खात्रीचे. १० × १० सेंमीचा तुकडा काटेकोर कापून साध्या डिजिटल काट्यावर ठेवा: २ मिमीला २२७ ग्रॅम, १.७ मिमीला १९३, १.५ मिमीला १७० ग्रॅम. पत्रा विकत घेतानाही बिलावरची जाडी न पाहता हेच करावे. पूर्ण शीटचे वजन भागिले क्षेत्रफळ, की झूठ लपत नाही.

नव्या मांडणीत तीन गोष्टी बदलल्या. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: भार गोंदावर नाही, स्क्रूवर नाही, तळावर. दाराच्या तळाशी आणि सांध्याच्या खाली, पूर्ण रुंदीला २५ × २५ × ३ मिमीचे लोखंडी अँगल बसवले, प्रायमरचे दोन हात देऊन. प्रत्येक पत्रा आपापल्या अँगलवर उभा. लोखंड आणि शिसे ओल्यात एकत्र आले की गंज लोखंडाला चढतो, म्हणून मध्ये रंग हवाच. दोन्ही उभ्या कडांना लोखंडी पट्ट्या, त्यांचे स्क्रू शिशाच्या बाहेर, लाकडात. पत्रा पट्टीत दाबलेला, भोसकलेला नाही.

दुसरी: सांध्याची चढण २० ऐवजी ४० मिमी. खालच्या तुकड्याची चिरलेली वरची कड कापून टाकावी लागली, त्यामुळे तो आखूड झाला. नवीन तुकडा आणला आणि जुना चौकटीच्या खाचेसाठी वापरला. जिथे स्क्रू शिशातूनच जाणे टळत नव्हते, कडीपाशी आणि कुलपाच्या खाचेत, तिथे मागून २ मिमी शिशाची टिकली चिकटवली, भोकाच्या चारी बाजूंना १० मिमी जास्त. कुलपाची जागा विशेष पाहावी. कारागीर कुलूप बसवताना शिशात मोठा चौकोन कापतो आणि वर पितळी पट्टी लावतो. ती बाहेरून सुंदर दिसते, आतून ती खिडकी असते.

तिसरी: प्लाय मरीन, आयएस ७१० शिक्क्याचा, आणि चिकटवायला पांढरा गोंद नाही, इपॉक्सी. तळाच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने १० मिमीची दोन भोके, पाणी शिरले तर निघून जावे म्हणून. भोके किरणांच्या वाटेत येत नाहीत, अँगलच्या खाली आहेत.

चौकटीवर दाराचे शिसे सगळीकडून २५ मिमी चढते की नाही हेही याच वेळी पाहिले. बिजागरीच्या बाजूला ते चढत होते, कुलपाच्या बाजूला जेमतेम १० मिमी. चौकटीच्या खाचेत जुन्या पत्र्याची पट्टी वाढवून भागवले. उरलेले कापीव शिसे, तीन-चार किलो, भंगारच्या गाड्यावर न देता नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे गेले. शिसे वितळवून पुन्हा नवे होते, शुद्धता कमी न होता. देशात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा मोठा हिस्सा बॅटऱ्यांत जातो आणि तिथूनच परत येतो. फक्त ते परसात, उघड्या भट्टीवर होऊ नये.

या कामात एकदा गोंधळ झाला तो शब्दांचा. दाराला ‘लेड लाइनिंग’ म्हटले की सुताराला पेन्सिलीतले लेड आठवते. शिसपेन्सिलीत शिसे कधी नव्हतेच, ते ग्रॅफाइट. आणि ज्यात शिसे खरोखर असते, तो देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर, त्याला कुणी शिसे म्हणत नाही. त्यामुळे दारावर आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीला, मराठीत पाटी लावली: ‘या दारात शिशाचा पत्रा आहे. खिळा, स्क्रू, करवत लावण्यापूर्वी विचारा. सांधा जमिनीपासून १.०५ मीटरवर.’ पुढचा मिस्त्री कोण असेल सांगता येत नाही, पण पाटी वाचेल.

दुसरा पूर

दार मार्च २०२१ मध्ये बसले. सर्व्हेत दाराच्या पूर्ण उंचीला मीटर पार्श्वभूमीच्या वर गेला नाही, आणि तीन जागांच्या कॅसेट-प्रतिमा फाइलला लागल्या. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा ५० फुटांपलीकडे गेली. खोलीत या वेळी पाणी गुडघ्याच्या खाली राहिले, पण दाराचा तळ भिजला. पाणी ओसरल्यावर सनमायका फुगला की नाही हे न बघता आधी कॅसेट लावली. सांध्याची चढण ४० मिमी, मार्चच्या प्रतिमेशी जुळती. तळाच्या दोन भोकांपैकी एक गाळाने बुजले होते, तारेने मोकळे केले. आत, अँगलच्या एका टोकाला प्रायमर खरवडला होता तिथे गंजाचा नखाएवढा डाग सापडला. तो घासून पुन्हा रंगवला, आणि पूर आल्यावर करायच्या कामांच्या यादीत मशीनच्या इन्सुलेशन तपासणीच्या वर एक ओळ वाढली: दाराची खालची पट्टी उघडून पाहणे.